कॉलेजच्या नेटवर्कला लॅपटॉप जोडायचाय? त्याआधी घरीच उरका ही कामं : विद्यार्थी-पालकांसाठी संपूर्ण माहिती

खारदांडा (मुंबई उपनगर) : होडी दर्यात घालण्याआधी फटी बघायच्या, इंजिन चालवून बघायचं, जाळं तपासायचं, हे खारदांड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि सगळी डागडुजी त्याच काळात उरकली जाते. नेमक्या याच दिवसांत घरातल्या पोरापोरींचे कॉलेज प्रवेशही चालू असतात. प्रवेश झाला की लॅपटॉप येतो. कुणी नवा घेतं, कुणी जुना. पण लॅपटॉपच्या बाबतीत मात्र होडीसारखी तपासणी कुणी करत नाही. डबा उघडला, वायफाय जोडलं, झालं काम!

खारदांड्यापासून कालिन्याचं मुंबई विद्यापीठाचं विद्यानगरी संकुल आणि जुहूचं एसएनडीटी महिला विद्यापीठाचं संकुल दोन्ही जवळ आहेत. पवईची आयआयटी थोडी लांब आहे. या भागातली मुलं घरून ये-जा करतात, तर गावाकडच्या तालुक्यांतून आलेली मुलं हॉस्टेलवर राहतात. दोघांनाही एक गोष्ट लागतेच : कॉलेजचं, म्हणजे कॅम्पसचं नेटवर्क. त्यावर स्वतःचा लॅपटॉप जोडायचा तर तो निरोगी असावा लागतो. नसेल तर आपला अभ्यास अडतोच, शिवाय शेजारच्याचाही अडतो. तो निरोगी कसा ठेवायचा, याची ही सविस्तर माहिती. यातल्या बहुतेक कामांना पैसे लागत नाहीत.

थोडक्यात महत्त्वाचं

• विंडोज आणि ब्राउझर अपडेट करूनच लॅपटॉप कॅम्पसवर न्या.
• फुकटचं 'क्रॅक' सॉफ्टवेअर टाकू नका, असेल तर काढा.
• अँटिव्हायरस एकच ठेवा, पण चालू ठेवा.
• कॉलेजचा आयडी-पासवर्ड मित्रालाही देऊ नका.
• प्रोजेक्टची एक प्रत लॅपटॉपच्या बाहेर ठेवा.
• पैसे गेले तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

कॅम्पस नेटवर्क म्हणजे नेमकं काय?

घरचं वायफाय चार-पाच मोबाइलांचं असतं. कॅम्पसचं नेटवर्क हजारो लॅपटॉप, मोबाइल, लॅबमधले संगणक, प्रिंटर, ग्रंथालयाची यंत्रणा, परीक्षा आणि फीचा हिशोब ठेवणारे सर्व्हर या सगळ्यांना जोडणारं असतं. घराच्या वायफायला एकच पासवर्ड असतो. कॅम्पसवर मात्र बहुतेक ठिकाणी प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळा आयडी मिळतो. कोणत्या आयडीवरून कोणतं यंत्र कधी जोडलं गेलं, याची नोंद राहते.

या नेटवर्कचा एक धागा खारदांड्याच्या अगदी शेजारी आहे, हे फार कमी जणांना माहीत असेल. देशातल्या शिक्षणसंस्था संगणकाने एकमेकींना जोडण्याचं काम १९८६ मध्ये 'अर्नेट' या प्रकल्पातून सुरू झालं. तत्कालीन केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स विभागाचा हा प्रकल्प होता आणि त्याला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत होती. पाच आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्याबरोबर त्यात जुहूची एक संस्था होती : नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी. जुहूची ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोन लाइनवरून ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली, तेव्हा सामान्य माणसाला इंटरनेट मिळायला अजून बरीच वर्षं होती. ते मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. एनसीएसटीचे संचालक डॉ. श्रीनिवासन रमणी यांचा पुढे २०१४ मध्ये 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला. ती संस्था आज सी-डॅकचा भाग आहे.

तेव्हा जोडलेली यंत्रं मोजकी होती आणि ती वापरणारी माणसं एकमेकांना ओळखत होती. आज एका वर्गातच साठ लॅपटॉप असतात. त्यातला कोणता कुठून आलाय, त्यात काय भरलंय, हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून नियम आले.

एका लॅपटॉपमुळे सगळ्यांना त्रास कसा होतो?

'माझा लॅपटॉप, माझी जबाबदारी, कॉलेजला काय करायचंय?' असं मुलं म्हणतात. पण संगणकाचे काही व्हायरस असे असतात, की ते पसरायला कुणी काही उघडावंही लागत नाही. त्यांना 'वर्म' म्हणतात. एक यंत्र बाधित झालं की ते त्याच नेटवर्कवरची कच्ची यंत्रं स्वतःहून शोधतं आणि त्यांच्यात शिरतं. तीन घटना बघितल्या की हे लक्षात येईल.

पहिली घटना १९८८ ची. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने २ नोव्हेंबरला एक प्रोग्राम नेटवर्कवर सोडला. तो इतक्या वेगाने स्वतःच्या प्रती काढत सुटला, की हजारो संगणक ठप्प झाले. तेव्हाच्या अंदाजानुसार जगातल्या इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांपैकी साधारण दहा टक्के यंत्रांना त्याची बाधा झाली. त्यात विद्यापीठांची यंत्रं मोठ्या संख्येने होती.

दुसरी घटना ऑगस्ट २००३ ची. 'ब्लास्टर' नावाचा वर्म आला. ज्या फटीतून तो शिरत होता, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने महिनाभर आधीच, जुलैत दिलं होतं. ते ज्यांनी टाकलं नव्हतं, ते सापडले. अमेरिकेत तेव्हा सुट्ट्या संपून मुलं आपापले संगणक घेऊन हॉस्टेलवर परतत होती. अनेक विद्यापीठांनी तेव्हा ठरवलं, की आधी संगणक तपासायचा, साफ करायचा, अपडेट करायचा आणि मगच नेटवर्कला जोडू द्यायचा. आज कॅम्पसवर जी तपासणी होते, तिला जोर मिळाला तो अशा अनुभवांमुळे.

तिसरी घटना १२ मे २०१७ ची, 'वॉनाक्राय'ची. हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वर्म होता. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून जास्त यंत्रं त्याने पकडली. ब्रिटनमध्ये रुग्णालयांचं काम अडलं आणि चीनमध्ये विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांचे संगणक अडकले. याही वेळी बचावाचं अपडेट १४ मार्चलाच, म्हणजे जवळपास दोन महिने आधी आलेलं होतं.

ब्लास्टर आणि वॉनाक्राय या दोन्ही घटना एकच सांगतात. औषध आधीच आलं होतं आणि फुकट होतं, पण लोकांनी ते घेतलं नव्हतं.

कॅम्पसवर काय तपासलं जातं?

प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे असतात. तरी साधारणपणे पुढच्या गोष्टी बघितल्या जातात.

ओळख : विद्यार्थ्याचा स्वतःचा आयडी आणि पासवर्ड.

यंत्राची नोंद : प्रत्येक लॅपटॉप-मोबाइलच्या वायफायला एक क्रमांक असतो, त्याला 'मॅक अ‍ॅड्रेस' म्हणतात. गाडीच्या चासी नंबरासारखा. काही संस्था तो नोंदवून घेतात.

अपडेट आणि अँटिव्हायरस : चालू आहे की नाही, शेवटचं अपडेट कधीचं आहे.

वागणूक : एखादं यंत्र अचानक इतर शेकडो यंत्रांकडे धडका मारू लागलं, की यंत्रणा त्याला वेगळं काढते. साथीच्या रोग्याला वेगळ्या खोलीत ठेवतात, तसंच. याला 'क्वारंटाइन' म्हणतात. इंटरनेट बंद होतं, किंवा फक्त अपडेट उतरवण्यापुरतं चालू राहतं.

इथे गैरसमज नको. ही शिक्षा नसते. पण असाइनमेंट जमा करायच्या शेवटच्या दिवशी असं झालं तर ती शिक्षेसारखीच वाटते. म्हणून खालची कामं घरी असतानाच उरकावीत.

घरूनच करून जायची आठ कामं

१) विंडोज खरी आहे का बघा. जुना लॅपटॉप घेतला असेल तर हे सगळ्यात आधी. सेटिंग्ज उघडा, सिस्टिममध्ये जा, मग अ‍ॅक्टिव्हेशन बघा. 'अ‍ॅक्टिव्ह' दिसलं तरी दुकानदाराला विचारा, की ही लायसन्सची आहे की क्रॅक मारून चालू केलीय. क्रॅक करणारा छोटा प्रोग्राम अनेकदा आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो. घराचं दार उघडं ठेवून बाहेर जा, असंच तो सांगत असतो. जुना लॅपटॉप असेल तर आधीच्या मालकाचं सगळं पुसून विंडोज नव्याने टाकून घेणं चांगलं. सेटिंग्जमध्ये 'रीसेट धिस पीसी' हा पर्याय असतो. पण आधीची विंडोज क्रॅकची असेल तर रीसेटवर भागवू नका. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवरून पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवून कोरी टाका. लायसन्स मात्र वेगळं लागतंच.

२) सगळी अपडेट टाका. सेटिंग्ज, मग विंडोज अपडेट, मग 'चेक फॉर अपडेट्स'. एकदा करून भागत नाही. यंत्र बंद-चालू करून पुन्हा बघा, नवं काही दिसेनासं होईपर्यंत. काही जीबी डेटा जातो, त्यामुळे मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर हे काम एका दिवसात होत नाही. दोन-तीन दिवस हाताशी ठेवा. क्रोम, फायरफॉक्स, पीडीएफ वाचायचं सॉफ्टवेअर यांचीही अपडेट असतात.

३) अँटिव्हायरस चालू आहे का बघा. विंडोज १० आणि ११ मध्ये 'डिफेंडर' नावाचा अँटिव्हायरस आतच असतो आणि तो फुकट आहे. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधा. हिरव्या खुणा दिसल्या की ठीक. विकतचा घ्यायचा तर घ्या, पण दोन अँटिव्हायरस एकदम ठेवू नका, दोघं एकमेकांशी भांडतात आणि लॅपटॉप रांगू लागतो. या धंद्यात मराठी माणसाचंही नाव आहे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरच्या कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, भाऊ संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला आणि त्यातून 'क्विक हील' उभी राहिली.

४) फायरवॉल बंद करू नका. फायरवॉल म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा राखणदार. एखादा गेम चालत नाही म्हणून मुलं तो बंद करतात आणि परत चालू करायला विसरतात. कॅम्पसच्या वायफायला जोडताना विंडोजने विचारलं तर 'पब्लिक नेटवर्क' निवडा. म्हणजे तुमचा लॅपटॉप इतरांना दिसत नाही.

५) दोन अकाउंट करा. एक व्यवस्थापकाचं, म्हणजे 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'चं आणि एक रोजच्या वापराचं, 'स्टँडर्ड'. रोजचं काम दुसऱ्यावर करा. मग एखादा प्रोग्राम गुपचूप काही टाकायला लागला तर लॅपटॉप पासवर्ड विचारतो आणि आपण सावध होतो. घरात लॅपटॉप एकच असेल, तर धाकट्या भावंडांसाठी तिसरं अकाउंट काढा.

६) पासवर्ड लांब ठेवा. नाव, जन्मसाल, गाडीचा नंबर, होडीचं नाव हे सगळं ओळखीच्या माणसाला माहीत असतं. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडले तर पासवर्ड लांबही होतो आणि लक्षातही राहतो. कॉलेजचा पासवर्ड फेसबुक-इन्स्टाला वापरू नका. ईमेलला 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करा.

७) बॅकअप घ्या. प्रोजेक्टची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर, एक क्लाउडवर. हार्ड डिस्क काम झालं की काढून ठेवा. लावून ठेवलेली डिस्क खंडणीखोर व्हायरस लॅपटॉपसोबतच कुलूपबंद करतो.

८) डिस्कला कुलूप लावा. लोकलमध्ये किंवा हॉस्टेलमध्ये लॅपटॉप चोरीला गेला, तर नुसता लॉगिन पासवर्ड पुरेसा नसतो. डिस्क काढून दुसऱ्या यंत्रात लावली की फायली वाचता येतात. विंडोजमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' असेल तर चालू करा. त्याची 'रिकव्हरी की' मात्र वेगळ्या जागी लिहून ठेवा. ती हरवली तर आपलाच डेटा आपल्याला मिळत नाही.

विंडोज १० वाल्यांनी हे वाचाच

जुन्या बाजारात मिळणाऱ्या अनेक लॅपटॉपांवर विंडोज १० असते. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिची नेहमीची अपडेट बंद झाली. घरगुती वापरासाठी एक वर्षाची जादा मुदत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे, पण त्यासाठी विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी करावी लागते. आपोआप ती मिळत नाही.

आपल्या लॅपटॉपवर कोणती विंडोज आहे हे बघायला सेटिंग्ज, सिस्टिम, मग 'अबाउट' बघा. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षेची सोय लागते. साधारण २०१८ च्या आधीच्या बहुतेक लॅपटॉपांवर ती अधिकृतपणे चालत नाही. म्हणून स्वस्तात मिळतोय म्हणून जुना लॅपटॉप उचलण्याआधी हे विचारून घ्या. आधीच घेतला असेल तर तो फेकायची गरज नाही. त्यावर उबंटूसारखी लिनक्स प्रणाली फुकट टाकता येते आणि लिहिणं, वाचणं, ऑनलाइन तास, प्रोग्रामिंग हे सगळं त्यावर होतं. अभ्यासक्रमात फक्त विंडोजवर चालणारं एखादं सॉफ्टवेअर आहे का, एवढं विभागात आधी विचारा.

जोडताना इथे चूक होते

नाव बघा. कॅम्पसच्या वायफायचं नेमकं नाव कॉलेजच्या सूचनेत असतं. तशाच नावाचं खोटं वायफाय कुणीही मोबाइलवरून चालू करू शकतं. पासवर्ड नसलेलं 'फ्री' वायफाय दिसलं की हात आखडा.

सर्टिफिकेट बघा. अनेक संस्था 'एज्युरोम' नावाची सेवा देतात. एका संस्थेच्या आयडीवर दुसऱ्या संस्थेत, अगदी परदेशातल्या विद्यापीठातही वायफाय मिळतं. भारतात ही सेवा अर्नेट इंडियामार्फत चालते, तोच १९८६ चा वारसा. अशा वायफायला जोडताना यंत्र 'सर्टिफिकेट'बद्दल विचारतं. सर्टिफिकेट म्हणजे समोरचा सर्व्हर खरोखर तुमच्या संस्थेचाच आहे, याचा दाखला. मोबाइलवर 'व्हॅलिडेट करू नका' असा पर्याय दिसतो, जोडणी पटकन होते म्हणून मुलं तोच दाबतात. तसं करू नका. संस्थेने दिलेली सूचना किंवा सेटिंगची फाइल वापरा. नाहीतर खोट्या वायफायला तुमचा पासवर्ड सहज मिळू शकतो.

मॅक अ‍ॅड्रेस बदलतोय का बघा. नवे मोबाइल आणि काही लॅपटॉप प्रत्येक वायफायसाठी वेगळा, बनावट मॅक अ‍ॅड्रेस दाखवतात. खासगीपणासाठी ते चांगलंच आहे. पण संस्थेने तुमचा मॅक अ‍ॅड्रेस नोंदवून घेतला असेल, तर नेट लागत नाही आणि कारण कळत नाही. अशा वेळी फक्त कॅम्पसच्या वायफायपुरतं 'रँडम'च्या जागी 'डिव्हाइस मॅक' निवडा.

स्वतःचा राउटर लावू नका. हॉस्टेलच्या भिंतीतल्या जोडणीला स्वतःचा राउटर लावून सगळ्या खोलीला नेट वाटण्याचा उद्योग बहुतेक ठिकाणी नियमाबाहेर असतो. त्या राउटरवरून कुणीही काहीही केलं, तरी नोंद तुमच्या नावावर होते.

पेन ड्राइव्ह, झेरॉक्सचं दुकान आणि शॉर्टकट व्हायरस

प्रवेशाच्या दिवसांत पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात, सायबर कॅफेत, मित्राच्या लॅपटॉपला असा दहा ठिकाणी लागतो. घरी आल्यावर बघावं तर सगळ्या फोल्डरांवर छोटा बाण आलेला आणि फायली 'शॉर्टकट' झालेल्या. हा शॉर्टकट व्हायरस. घाबरून त्या बाणावर दोनदा क्लिक केलं की तो लॅपटॉपमध्ये शिरतो. मूळ फायली बहुतेक वेळा पुसल्या गेलेल्या नसतात, नुसत्या लपवलेल्या असतात. म्हणून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करायची घाई करू नका. आधी अँटिव्हायरसने तो तपासा, मग 'व्ह्यू'मध्ये जाऊन लपलेल्या फायली दाखवायला सांगा आणि खऱ्या फायली उचलून घ्या.

यापेक्षा सोपा उपाय म्हणजे छपाईसाठी पेन ड्राइव्ह न देता फाइल दुकानदाराला पाठवणं. कॉलेजचा ईमेल मात्र त्याच्या संगणकावर उघडू नका. उघडावाच लागला तर काम झाल्यावर 'लॉग आउट' करा. नुसती खिडकी बंद केली म्हणजे लॉग आउट झालं असं होत नाही.

घरात एकच लॅपटॉप असेल तर

समजा, घरातली मोठी मुलगी एमएस्सीला आहे. आई पहाटे मासळीच्या लिलावाला जाते, बाजारात बसते. त्या कमाईतून वर्षभर साठवून लॅपटॉप घेतला. मुलगी झोपल्यावर धाकटा त्यावर क्रॅक केलेला गेम उतरवतो. सकाळी सगळ्या फायलींची नावं बदललेली आणि पडद्यावर खंडणीची मागणी. लॅपटॉपची किंमत एकवेळ भरून काढता येईल, पण सहा महिन्यांच्या प्रयोगांची नोंद परत येत नाही.

अशा घरात धाकट्याला ओरडून उपयोग नाही. लॅपटॉप सगळ्यांचाच आहे, तर नियमही सगळ्यांचे हवेत. वेगळी अकाउंट, आठवड्याला एकदा बॅकअप, आणि नवं काही टाकायचं तर ताईला विचारून. आईवडिलांच्या मोबाइलवर यूपीआय असतं. बँकेचा ईमेल त्याच लॅपटॉपवर उघडा राहिला तर धोका थेट घरखर्चाच्या पैशांपर्यंत पोहोचतो. तेव्हा ही काळजी फक्त शिकणाऱ्या मुलीची नाही, सगळ्या घराची आहे.

नेट बंद केलं गेलं तर काय करायचं?

• लॅपटॉपचं वायफाय बंद करा. दुसऱ्याच्या आयडीने जोडायचा प्रयत्न करू नका, तो आयडीही अडकेल.
• मोबाइलच्या डेटावरून अँटिव्हायरस अपडेट करा आणि पूर्ण, म्हणजे 'फुल' स्कॅन लावा. दोन-तीन तास लागू शकतात. विंडोज सिक्युरिटीत 'ऑफलाइन स्कॅन' असतो, हट्टी व्हायरसला तो लावा.
• केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्र' या संकेतस्थळावर यंत्रं साफ करायची साधनं फुकट मिळतात. सर्ट-इन ही सरकारी संस्था २०१७ पासून ते चालवते.
• दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून कॉलेजचा आणि ईमेलचा पासवर्ड बदला.
• संगणक केंद्राला खरं काय घडलं ते सांगा. कोणती फाइल उघडली, कधी उघडली, हे लपवू नका. ते जितकं लवकर कळेल तितकं इतरांचं नुकसान टळतं.
• खंडणीची मागणी आली तर पैसे भरू नका. भरून फायली परत मिळतीलच याची खात्री कुणी देत नाही.

कायदा काय सांगतो?

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणं, व्हायरस सोडणं यावर भरपाई द्यावी लागते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीने वापरला तर कलम ६६ सी लागतं, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मित्राला 'पाच मिनिटं' दिलेल्या आयडीवरून काही गैर घडलं, तर पहिली विचारणा आयडी ज्याचा आहे त्याच्याकडेच होते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*अ‍ॅपलच्या किंवा लिनक्सच्या लॅपटॉपला व्हायरस येत नाही, खरं का?*
नाही. प्रमाण कमी आहे, पण येतात. अपडेट, बॅकअप आणि पासवर्ड यांचे नियम सगळ्यांना सारखेच.

*फक्त मोबाइलच आहे, लॅपटॉप नाही. मग?*
मोबाइलही नेटवर्कवरचं यंत्रच आहे. अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली 'एपीके' फाइल, मग ती लग्नपत्रिका म्हणून येवो की शिष्यवृत्तीची यादी म्हणून, उघडू नका.

*कॉलेजच्या नेटवर्कवर आपलं सगळं कुणी बघू शकतं का?*
कोणत्या साइटला जोडलं, किती डेटा गेला, याची नोंद सहसा राहते. कुलपाची खूण असलेल्या सुरक्षित साइटवर काय लिहिलं, ते साधारणपणे वाटेत वाचता येत नाही. संस्थेचं वापर-धोरण सही करण्याआधी वाचा.

*'संगणक केंद्रातून बोलतोय, पासवर्ड सांगा' असा फोन आला तर?*
फोन ठेवा. खरं संगणक केंद्र पासवर्ड कधीच विचारत नाही. नंतर स्वतः जाऊन चौकशी करा.

*पैसे गेले तर?*
लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता जास्त असते. त्याच वेळी बँकेलाही कळवा.

शेवटी एवढंच

लॅपटॉप एकदा तपासून भागत नाही. महिन्यातला एक दिवस ठरवा, अमावास्या किंवा पगाराचा दिवस, लक्षात राहील तो. त्या दिवशी तीन गोष्टी बघा : अपडेट झालीत का, अँटिव्हायरस हिरवा आहे का, बॅकअप घेतलाय का. अपडेट मोठं नसेल तर अर्ध्या तासात हे उरकतं. घरात ज्याला हे जमतं त्याने शेजारच्या घरातल्या मुलांचाही लॅपटॉप एकदा बघून द्यावा. कॅम्पसवर तो लॅपटॉप आपल्याच लॅपटॉपच्या शेजारी जोडला जाणार आहे.